दुपदरी कागद

पेंग गुरुजींच्या प्रदर्शनात हुइफांगने तमाशा केला, असं आमच्या गल्लीत अजून बोलतात. सकाळी शेवयांच्या दुकानात रांगेत उभी राहिले की पुढची बाई मागे वळून बघते नि पटकन तोंड फिरवते. बघ बाई, पोटभर बघ. तमाशा केला खरा, पण अर्धाच. तो पुरा जमला नाही, याचंच मला वाईट वाटतं.

मी तीस वर्षं इथल्या भरतकामाच्या कारखान्यात नक्षी काढली. पांढऱ्या रेशमावर मांजरी, सोनेरी मासे, पुन्हा मांजरी. मी रेघ काढायची नि बायकांनी तिच्यावरून सुई चालवायची. परदेशी पाहुणे यायचे, मांजरीचे डोळे बघून हरखून जायचे. तो पोटाचा धंदा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझं खरं काम शाईचं. मी तळी काढते, हिवाळ्यातली. कमळं संपलेली, देठ मोडून पाण्यात वाकलेले, पानांच्या नुसत्या चिंध्या उरलेल्या. उन्हाळ्यातलं कमळ कोणीही काढतं हो, ते आधीच सुंदर असतं. त्यात काढणाऱ्याचं काय?

बावीस वर्षांची असताना मी पेंग गुरुजींच्या शिकवणीला जायला लागले. तिथेच गेनबाओ-दादा भेटला, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. गुरुजींनी काढून दाखवलेलं तो हुबेहूब उतरवायचा, इतकं की गुरुजी स्वतः गोंधळायचे. पण स्वतःचं म्हणून एक पान काढ म्हटलं की कुंचला हातात घेऊन नुसता बसून राहायचा. एक दिवस गुरुजींनी सगळ्यांसमोर सांगितलं, "गेनबाओ, तुझ्या हाताला शिस्त आहे, पण तुझ्या आत चित्र नाही." दुसरा कोणी असता तर गाव सोडून गेला असता. ह्याने कुंचला सोडला नि खळ हातात घेतली. ताओह्वावूच्या गल्लीत एक खोली घेऊन चित्रं मढवायचं दुकान काढलं. गुरुजींच्या सगळ्या शिष्यांची चित्रं त्याच्याकडेच जायची.

शाईचं चित्र कोरडं असताना खोटं बोलतं. कागद चुरमडलेला असतो, शाई मिटून गेलेली असते. त्यावर पाणी मारून, कडांना खळ लावून ते फळीवर ताणलं नि वाळू दिलं, की मग ते खरं काय आहे ते कळतं. म्हणून आमच्यात रीतच आहे, चित्र फळीवर चढून उतरल्याशिवाय त्याच्यावर सही करायची नाही नि शिक्काही मारायचा नाही. मी कागद दादाच्या दुकानात द्यायची. तो चार दिवसांनी सांगायचा, "जिवंत आहे," नाहीतर "मेलं." बस्स, एवढंच. मेलेलं मी परत बघायचीसुद्धा नाही. तो ते गुंडाळून माळ्यावर टाकायचा.

तुम्ही म्हणाल, स्वतःचं चित्र स्वतःला कळू नये? नाही कळत मला. पहिल्यापासूनच हे दुखणं आहे. काढून झालं की वाटतं, वा हुइफांग, काय काढलंस! चहाचं पाणी उकळेपर्यंत वाटतं, शी, हे काय काढून ठेवलंय. चहा पिऊन झाला की पुन्हा वाटतं की बरं आहे. असं दिवसभर चालतं. वेड लागायची पाळी येते. दादाच्या एका शब्दाने ते थांबायचं. त्याने मेलं म्हटलं तरी डोक्याला शांतता मिळायची. वीस वर्षं मी माझे डोळे त्याच्या दुकानात ठेवले होते.

सहा वर्षांपूर्वी गुरुजींनी मला घरी बोलावून कागदाचा एक गठ्ठा दिला. दुपदरी कागद होता तो, दोन पातळ पदर एकात एक बसवलेला. महाग असतो. म्हणाले, "तुझा हात जड आहे. साधा कागद तुझ्याखाली रडतो. यापुढे ह्याच्यावर काढ." त्यानंतर दर वसंतात गठ्ठा घरी यायचा. इतर कोणालाही नाही, फक्त मला. मी कारखान्यात सगळ्यांना सांगत फिरले. भरतकामवाल्या बायका म्हणाल्या, "अगं, आता तुझं नशीब उघडलं!" मलाही तसंच वाटलं.

मग तीन वर्षांपूर्वी गुरुजींचं नवं काम लोकांसमोर आलं. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी काही दाखवलं नव्हतं. घरीही कोणाला खोलीत घेत नसत. पहाटे एकटाच काढतो, म्हणायचे. आम्ही सगळे शिष्य नटूनथटून गेलो. बघते तर काय, हिवाळ्यातली तळी! पण कशी? जवळजवळ काहीच नव्हतं त्यांच्यात. करडे ठिपके, कुठे देठाचं एक वळण, मध्ये सगळं मोकळं नि त्या मोकळ्या जागेत पाणी उभं. धुकं हटायच्या आत कोणीतरी तळं बघून घेतलं असावं, तसं. कोपऱ्यात गुरुजींच्या अक्षरात एक ओळ नि लाल शिक्का. अक्षर जरा कापरं होतं. लोक म्हणाले, वयाचं सौंदर्य.

मी तिथे उभी राहून रडले. लाज वाटते सांगायला, पण हमसून हमसून रडले. मला जे काढायचं होतं ते हेच होतं नि गुरुजींनी ते सत्तरी उलटल्यावर सहज काढून ठेवलं होतं. माझ्या तळ्यांत किती गर्दी! किती रेघा, किती दाखवणं! दादा शेजारीच होता. त्याने खिशातून रुमाल काढून दिला नि म्हणाला, "बघ धाकटे, असं सोडता आलं पाहिजे." मी नाक पुसलं नि म्हटलं, "मला जन्मात येणार नाही."

आता तुम्ही म्हणाल, अगं बये, तुझ्या लक्षात कसं नाही आलं? तुमच्या कोटाचं अस्तर उलटं करून भिंतीवर लावलं तर तुम्ही ओळखाल का? मी नाही ओळखलं. कुठे काही ओळखीचं वाटलंच तर मनात आलं, गुरुजींचीच शिष्या ना मी, त्यांच्यासारखं माझ्यात असणारच.

पुढची तीन वर्षं मी ती मोकळी जागा शोधत होते. कमी रेघा काढून बघितल्या, पाणी जास्त घालून बघितलं, डाव्या हाताने काढून बघितलं. दादाचं चालूच, मेलं, मेलं, मेलं. यंदा उन्हाळ्यात प्रदर्शनवाल्यांनी विचारलं की गुरुजींची नवी चित्रं मोठ्या दालनात लागतील, शेजारचं छोटं दालन एका शिष्याला द्यायचंय, तुमची आठ चित्रं आहेत का? त्रेपन्नाव्या वर्षी मला कोणी पहिल्यांदा दालन देत होतं. मी पावसापाण्यात, थंडीवाऱ्यात सीशान बेटावरच्या तळ्यावर जाऊन बसले. पानझडीच्या महिन्यात आई गेली, तिचं सगळं आटोपून चौथ्या दिवशी पुन्हा तळ्यावर गेले. एकतीस चित्रं दिली दादाकडे. त्याने तीन जिवंत सांगितली.

"तीनच?"

"धाकटे, मी खोटं बोलून तुला खूश करू का?"

"नको. पण पाच अजून..."

"यंदा राहू दे. गुरुजींच्या शेजारी कच्चं काम लावून हसं करून घेऊ नकोस. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

मी प्रदर्शनवाल्यांना नाही म्हणून कळवलं. घरी येऊन कुंचले धुतले, वाळवले, कापडात बांधले. ठरवून टाकलं की पुरे. काही माणसं नक्षी काढायलाच जन्माला येतात, त्यात वाईट काही नाही. मांजरी तर मांजरी.

गुरुजींचा नियम आहे की शाई लागलेला कागद केरात टाकायचा नाही, त्याला अग्नी द्यायचा. म्हणून दरवर्षी हिवाळ्याच्या सणाच्या आदल्या दुपारी दादाच्या मागच्या अंगणात आम्ही वर्षभराची मेलेली चित्रं जाळायचो. तो माळ्यावरून गुंडाळ्या आणायचा, लोखंडी शेगडीत टाकायचा, मी शेजारी उभी राहायची. मग त्याच दिवसांत मिळणारी सोनेरी फुलांची गोड दारू प्यायचो, खारवलेलं बदक खायचो. मला तो दिवस आवडायचासुद्धा. पाटी कोरी व्हायची.

त्या दुपारी दादा विस्तव पेटवून दारूचं मडकं आणायला कोपऱ्यावर गेला. म्हणाला, "रांग असेल, जरा वेळ लागेल. तू थांब, मी आल्यावर टाकू." आता चित्र काढायचंच नाही, तर शेवटचं तोंड तरी बघावं, म्हणून मी वरची गुंडाळी उघडली. आई गेल्यानंतर काढलेलं तळं होतं ते. हातात घेतलं नि हात थबकला. तीस वर्षं कागद चोळलेत ह्या बोटांनी. कागद हलका होता. उलटा केला तर पाठीला बारीक लव सुटलेली, जुन्या सतरंजीला सुटते तशी. कोपरा फाडून बघितला. दुपदरी कागद फाडला की कडेला दोन ओठ दिसतात. इथे एकच होता.

दुसरी गुंडाळी उघडली. तिथेही एकच. तिसरी, चौथी... अठ्ठावीसच्या अठ्ठावीस.

तेवढ्यात दादा आला, मडकं छातीशी धरून, हसत. "अगं, बदकवाल्याने मानेचा तुकडा फुकट दिला आज."

"दादा, माझा कागद एकपदरी कसा झाला?"

"कुठला कागद?"

"हा. नि हा. नि हे सगळे. बाकीचा अर्धा कुठंय?"

त्याने मडकं खाली ठेवलं. बदकही ठेवलं. "ओला झाला की कधीकधी पदर सुटतात."

"अठ्ठावीस कागदांचे सुटले? नि सुटले ते काय चालत गेले कुठे?"

"धाकटे, बस जरा."

"बसत नाही. सांग."

मी बसले नाही, तोच बसला, पायरीवर. मग एकेक बोलायला लागला. गुरुजींचे हात सहा वर्षांपासून थरथरतात. चमचा धरवत नाही, पेज सांडते. कुंचल्याचं तर नावच नको. बाहेर कळलं तर सगळं संपलं असतं. गुरुजींनी गठ्ठा द्यायच्या आधी मी एकदाच हौसेने दुपदरी कागदावर एक चित्र काढलं होतं, ते फळीवरून काढताना सहज खालचा पदर मोकळा झाला. त्यावर वरची अर्धी रेघही उतरली नव्हती, जिथे कुंचला जास्त वेळ टेकला होता तेवढीच शाई झिरपून आली होती. दादाने ते गुरुजींना दाखवलं. गुरुजी बराच वेळ बघत राहिले नि म्हणाले, "तिला दुपदरी कागदच देत जाऊ."

"म्हणजे तो गठ्ठा," मी म्हणाले, "तो माझा हात जड म्हणून नव्हता."

दादाने मान डोलावली.

"आणि त्या दिवशी मी तिथे रडत होते. माझ्याच कागदासमोर. तू शेजारी उभा राहून रुमाल दिलास मला! असं सोडता आलं पाहिजे म्हणालास!"

"मी खोटं नाही बोललो. ते चांगलंच होतं."

"अरे मेल्या, ते माझं होतं!"

शेजारणीने खिडकी उघडली नि लावून घेतली. लावेना का. चोर घरात शिरला तर माणूस ओरडतो तरी. इथे मीच दार उघडून, पाट मांडून, चोराला जेवायला वाढलं होतं. तीस वर्षं ज्याला दादा म्हटलं त्याने केसाने गळा कापला नि गुरुजींनी मान धरून ठेवली.

"कुंचल्याला हात लावला होता का त्यांनी? खरं सांग."

"सही त्यांचीच. थरथरत्या हाताने का होईना."

"बरीच मेहनत झाली म्हणायची."

"तुझ्यापाशी कुठे होतं ते?" दादा एकदम चिडला. "तुझ्या वरच्या पदरावर काय होतं ते बघ ना! तू काढतेस नि वर झाकतेस. मी सोलून काढलं म्हणून दिसलं. तुला काय, आयतं..." नि मध्येच थांबला. चित्र नाही तुझ्यात म्हणून ज्याला सांगितलं होतं, त्याचा तो आवाज होता. इतकी वर्षं मला कधी ऐकू आला नव्हता.

मला एकच विचारायचं होतं.

"दादा, एक सांग. बाकी काही नको. तू मेलं म्हणायचास, ते खरंच मेलेलं असायचं म्हणून, की तुला खालचा पदर हवा असायचा म्हणून?"

"सुरुवातीला खरंच मेलेलं असायचं."

"नि नंतर?"

तो शेगडीकडे बघत राहिला. "नंतर मलाही कळेनासं झालं, धाकटे. शपथेवर सांगतो. बघायला लागलो की आधी खालचंच दिसायचं."

ह्यापेक्षा त्याने चार थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. चित्रं नेली, एकवेळ ती मी पुन्हा काढीन. पण कुठलं माझं चांगलं नि कुठलं वाईट, वीस वर्षांचा तो हिशोबच त्याने पाण्यात घातला होता. नि आता तोही सांगू शकत नव्हता. मी कोणाला विचारू? कुठल्या दारात जाऊ?

मी आईच्या महिन्यातली ती गुंडाळी काखेत मारली. आठवलं, घरी प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका पडली होती, तिच्यावर गुरुजींचं नवं चित्र छापलेलं, नाव 'थंड तळं'. दुकानातून निघताना दादा मागून म्हणाला, "गुरुजींना काही बोलू नकोस. त्यांचं वय बघ."

"माझं वय बघितलंस का कधी?" मी म्हटलं नि दार आपटलं.

घरी पत्रिका नि कागद शेजारी ठेवले. पत्रिकेवर डावीकडे तीन ठिपके, माझ्याकडे तिथेच तीन पानं. मध्ये ते वळण, माझ्याकडे तिथेच एक वाकलेला देठ. तंतोतंत. सणाच्या दिवशी शेजाऱ्यांकडे तांदळाच्या गोळ्यांचं सूप घ्यायला बोलावलं होतं, गेले नाही.

आठवड्याने प्रदर्शनाचं उद्घाटन झालं. मी चांगला निळा कोट घातला, केस नीट बांधले. वेडी दिसता कामा नये, एवढं ठरवलं होतं. दालन माणसांनी भरलं होतं. चहाचे पेले फिरत होते, कोणी कॅमेरे घेऊन आलेले. गुरुजी वेताच्या खुर्चीत, मांडीवर शाल, हात शालीखाली. दादा खुर्चीमागे उभा. मला बघून त्याचा चेहरा उतरला. छोट्या दालनाचं दार बंद होतं.

मी सरळ 'थंड तळं'पाशी गेले. गुंडाळी उघडली नि चित्राशेजारी भिंतीला लावून धरली. दोन्ही हात वर, कोट वर सरकलेला.

"ह्याचा हा वरचा पदर आहे," मी मोठ्याने म्हणाले. "खालचा सोलून इथे लावलाय. चित्र माझं आहे. ही सगळी माझी आहेत."

मग माणसं जवळ आली. मान तिरकी करून माझ्या कागदाकडे बघितलं, मग गुरुजींच्या चौकटीकडे, मग परत माझ्याकडे. मी म्हटलं, बघा, नीट बघा, आता कळेल. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक तरणा पोरगा होता. तो फार नम्रपणे म्हणाला, "मावशी, नक्कल छान उतरलीय. पण गुरुजींचं कसं हलकं आहे ना, ते ह्यात नाही. तुम्ही फार भरलंय."

"नक्कल नाही रे बाबा! आधीचं हे आहे!"

"ताईंनी फार सुंदर अभ्यास केलाय," एक बाई म्हणाल्या, मला समजूत घालावी तशा.

मी दादाकडे वळले. अख्ख्या शहरात एकच माणूस होता ज्याने बोट लावून सांगितलं असतं तर लोकांनी मान्य केलं असतं. कागदातलं त्याला कळतं, हे सगळे जाणतात. "गेनबाओ-दादा, ये इथे. कागदाची पाठ बघ नि सांग ह्यांना."

तो आला. कागद हातात घेतला, उलटा केला, ती लव त्याच्या अंगठ्याखाली आली. मी बघत होते. मग लोकांकडे बघून म्हणाला, "आमची धाकटी बहीण आहे ही. दिवसरात्र गुरुजींचीच चित्रं गिरवते. आई गेलीय तिची नुकतीच. मनावर घेऊ नका."

कोणीतरी "अरेरे" म्हटलं. कोणीतरी मला बसायला स्टूल पुढे केलं. रडले असते तर त्यांचंच खरं झालं असतं, म्हणून मी दात आवळून उभी राहिले.

"आणा तो इकडे," खुर्चीतून आवाज आला.

दादाने कागद गुरुजींच्या मांडीवर पसरला. गुरुजींनी शालीतून हात काढला. बोट थरथरत होतं, सगळ्या दालनाला दिसलं. लोकांच्या चेहऱ्यावर दया आली, दुसरं काही आलं नाही.

"हुइफांग, जवळ ये," गुरुजी म्हणाले. तीस वर्षांपूर्वी शिकवणीत म्हणायचे तसंच. माझे पाय आपोआप गेले. "इथे बघ. तुला खात्री नव्हती, म्हणून तू दोनदा गिरवलंस. इथे लोकांना दाखवायला काढलंयस. इथे जागा रिकामी राहील म्हणून घाबरलीस. नि हे गवत, हे कशाला?" बोट कागदावर खडखड वाजत होतं. "नि हा मोडका देठ. कोरड्या कुंचल्याने ओढलास. हाही नको. एवढं काढून टाक नि मग बघ काय उरतं."

त्यांनी वर बघितलं. माझ्या डोळ्यांत. त्यांना सगळं माहीत होतं नि मलाही, नि तरी त्यांच्या नजरेत लाज म्हणून नव्हती. होती ती मास्तरकी. नि खरं सांगू? त्यांचं म्हणणं बरोबर होतं, ते मला दिसत होतं. चोर माणूस मला शिकवत होता नि चांगलं शिकवत होता.

माझी मान खाली गेली. तोंडातून निघालं, "हो गुरुजी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्या वयात शिष्येला असं सगळ्यांसमोर शिकवायचं म्हणजे केवढं मन, असं कोणीतरी म्हणालं. त्या पोराने फोटो काढला. तो दुसऱ्या दिवशी छापूनही आला: म्हातारे गुरू, वाकलेली मी, मध्ये माझा कागद.

मी कागद मागून घेतला नि बाहेर पडले. बसमध्ये मागच्या बाकावर बसून तो गुडघ्यांवर उघडला. आता विचारायला कोणी नव्हतं, म्हणून मीच बघत बसले, एकेक जागा. गुरुजींनी पाच दाखवल्या होत्या. दोनदा गिरवलेलं, खरं होतं. दाखवायला काढलेलं, खरं होतं, बघून माझी मलाच लाज वाटली. घाबरून भरलेली जागा, खरं. गवत तर अगदीच फालतू.

पण मोडका देठ चूक नव्हता. बस पुलावर येईपर्यंत मी तो बघितला, पूल गेल्यावरही बघितला, दर वेळी होतं तसं मन उलटेना. त्या दिवशी सीशानच्या तळ्यात तो तसाच होता, मधोमध तुटून पाण्यात पडलेला नि तुटल्यावरसुद्धा वरचा तुकडा हिरवा. आईला पोचवून आलेली मी त्याच्यासाठीच त्या थंडीत तीन तास बसले होते. बाकीचं तळं मी त्याच्याभोवती काढलं होतं. कोरड्या कुंचल्याचा होता, म्हणून तो खाली झिरपला नाही, म्हणून त्यांच्या चित्रात तो नाही. त्यांचं तळं सुंदर आहे, पण त्यात कोणी मेलेलं नाही.

हे मला तिथेच म्हणायचं होतं. चित्रं कोणाची ते लोकांना पटलं नसतं, नको पटू दे. पण "गुरुजी, हा देठ राहणार" एवढं तरी म्हणायचं होतं. आणि मी "हो" म्हणाले.